बटणामागच्या दोन ओळी

१९८८ साली विंडोजसाठी प्रोग्रॅम लिहायचा तर आधी सी ही भाषा पक्की यावी लागायची, मग चार्ल्स पेट्झोल्डचं जाडजूड पुस्तक जवळ बाळगावं लागायचं आणि एवढी तयारी झाल्यावर पडद्यावर एक कोरी चौकट उमटवण्यासाठी दीड-दोन पानं मजकूर टाइप करावा लागायचा. खिडकीचा 'क्लास' नोंदवा, आयकॉन कोणता, कर्सर कोणता, मागचा रंग कोणता ते एकेक भरा. खिडकी तयार करा, ती दाखवा आणि मग एक न संपणारं चक्र सुरू ठेवा: निरोप आला का बघा, आला तर योग्य जागी धाडा, पुन्हा बघा. माउस हलला की निरोप, कळ दाबली की निरोप. वरची खिडकी बाजूला सरकली आणि आपली झाकलेली जागा उघडी पडली, की ती पुन्हा रंगवण्याचा निरोप. आपल्या कामाचे नसलेले निरोप विंडोजला परत करायला विसरलं, तर खिडकी धड हलायची नाही की बंद व्हायची नाही. एवढा खटाटोप करून पडद्यावर उमटायचं काय, तर 'हॅलो, विंडोज'.

आता हे करणारी माणसं होती, आणि त्यांना त्याचा अभिमानही होता. पण दुकानाचा हिशेब ठेवणाऱ्याला, विमा कंपनीतल्या कारकुनाला किंवा प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला स्वतःपुरता छोटा प्रोग्रॅम हवा असेल, तर विंडोजचं दार बंद होतं. डॉसवर डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो यांच्या आधाराने ही मंडळी आपापलं भागवत होती. चित्रमय पडद्यावर मात्र त्यांचं गाडं अडलं होतं.

हे दार उघडलं ते ॲलन कूपरने, आणि तेही दुसरंच काही करायला गेला असताना.

कूपर कॅलिफोर्नियातला. मायक्रोकॉम्प्युटर हे छंदिष्टांचं खेळणं समजलं जायचं त्या सत्तरच्या दशकात त्याने कीथ पार्सन्स या मित्रासोबत स्ट्रक्चर्ड सिस्टम्स ग्रुप ही कंपनी काढली आणि त्या चिमुकल्या यंत्रांवर चालणारं जमाखर्चाचं सॉफ्टवेअर विकलं. म्हणजे धंदेवाईक माणसाला संगणकाकडून काय हवं असतं, हे त्याने अगदी सुरुवातीपासून पाहिलं होतं. १९८५ च्या सुमाराला विंडोज समोर आली तेव्हा त्याच्या डोळ्यांत भरली ती डीएलएलची सोय: प्रोग्रॅम चालू असतानाच बाहेरचा कोडचा तुकडा त्याला जोडता येण्याची. खिडक्या आणि चित्रं त्याला त्यामानाने दुय्यम वाटली.

विंडोजच्या पहिल्या दोन आवृत्त्या सुरू केल्या की समोर 'एमएस-डॉस एक्झिक्युटिव्ह' नावाची फायलींची रुक्ष यादी यायची. याहून बरा शेल, म्हणजे वापरणाऱ्याला पहिल्यांदा भेटणारा पडदा, आपण करून विकू, असं कूपरने ठरवलं. पण शेल कसा असावा हे ठरेना. मोठ्या कंपन्यांमधल्या संगणक विभागांचे लोक आपापल्या वापरणाऱ्यांबद्दल सांगत, आणि प्रत्येकाची गरज निराळी निघे. शेवटी त्याच्या डोक्यात आलं की सगळ्यांना एकच शेल द्यायचा हट्टच चुकीचा आहे. ज्याला हवा तसा शेल त्याने स्वतः जुळवावा, आपण फक्त सुटे भाग पुरवावेत. बटणं, याद्या, मजकुराचे चौकोन एका पेटीत ठेवायचे. माउसने उचलून ते पडद्यावर हवे तिथे मांडायचे. या भागांना तो 'गिझ्मो' म्हणे आणि सगळ्या संचाला 'ट्रायपॉड'.

कूपरने नंतर लिहून ठेवलं आहे की तो हे जो भेटेल त्याला दाखवत सुटला होता. मायक्रोसॉफ्टमध्ये ते गेब न्यूवेलने पाहिलं (पुढे व्हॉल्व्ह ही गेम कंपनी काढणारा तोच हा) आणि ते थेट बिल गेट्ससमोर नेण्याची व्यवस्था केली. १९८८ मध्ये ते प्रात्यक्षिक झालं. गेट्सला ते मनापासून आवडलं, याचा परिणाम आपल्या सगळ्याच उत्पादनांवर होणार असं तो म्हणाला, ही कूपरची आठवण. मायक्रोसॉफ्टने ट्रायपॉड विकत घेतलं. कूपरने आपल्या छोट्या चमूसह सगळा कोड नव्याने लिहिला आणि नमुन्याशी गल्लत नको म्हणून नाव ठेवलं 'रुबी'. आज वेबच्या जगात ओळखली जाणारी रुबी ही भाषा वेगळी. ती जपानमधून आली आणि बऱ्याच नंतर.

रुबी १९९० मध्ये तयार होऊन मायक्रोसॉफ्टच्या हवाली झालं. २२ मे १९९० ला विंडोज ३.० बाजारात आली, तुफान खपली, पण तिच्यात रुबी नव्हतं. शेलच्या जागी 'प्रोग्रॅम मॅनेजर' बसला होता. ज्यासाठी हे विकत घेतलं ते काम तर गेलं, आणि हातात उरली पेटी आणि तिच्यातले गिझ्मो.

इथे गेट्सचं जुनं प्रेम कामाला आलं. बेसिक ही भाषा जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून घडवली होती. मायक्रोसॉफ्टचं पहिलंवहिलं उत्पादन म्हणजे १९७५ मध्ये अल्टेअर यंत्रासाठी लिहिलेलं बेसिक. पंडितांचं मत मात्र फार वाईट होतं. एड्सखर डाइक्स्ट्रा या थोर संगणकशास्त्रज्ञाने त्याच १९७५ साली लिहून ठेवलं होतं की आधी बेसिकची लागण झालेल्या विद्यार्थ्याला चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य आहे. गेट्सने अशा मताची पर्वा केली नाही. रुबीच्या पोटातली जुजबी आज्ञाभाषा काढून तिथे बेसिक बसवायचं ठरलं. त्यासाठीचं इंजिन 'ओमेगा' नावाच्या एका रखडलेल्या डेटाबेस प्रकल्पासाठी आधीच तयार होत होतं. दोन अर्धवट संसार एकत्र आणून तिसरा थाटायचा, असा हा बेत. प्रकल्पाचं टोपणनाव 'थंडर', बांधणीची सूत्रं स्कॉट फर्ग्युसनकडे. ते टोपणनाव कधी पुसलंच गेलं नाही. यातूनच पुढे आलेल्या व्हिज्युअल बेसिकच्या, म्हणजे व्हीबीच्या, सहाव्या आवृत्तीत केलेल्या कुठल्याही प्रोग्रॅमची खिडकी तपासण्याच्या साधनाखाली धरली, तर तिच्या क्लासचं नाव 'थंडर-आरटी६' असं सुरू होताना दिसतं.

२० मे १९९१ ला अटलांटातल्या 'विंडोज वर्ल्ड' प्रदर्शनात व्हिज्युअल बेसिक १.० जाहीर झालं.

आज त्याचं वेगळेपण समजायला थोडे कष्ट पडतात, कारण नंतर सगळ्यांनी तेच केलं. प्रोग्रॅम उघडला की समोर ठिपक्यांची जाळी असलेली कोरी चौकट यायची, नाव 'फॉर्म१'. डाव्या हाताला टूलबॉक्स. त्यातलं बटण फॉर्मवर काढलं की त्याचं बारसं आपोआप व्हायचं, 'कमांड१'. त्या बटणावर डबल-क्लिक केलं की कोडची खिडकी उघडायची आणि तिथे दोन ओळी आधीच लिहून ठेवलेल्या असायच्या: वर 'सब कमांड१_क्लिक', खाली 'एंड सब'. मधली जागा तुमची. तिथे 'एमएसजीबॉक्स' लिहून पुढे अवतरणचिन्हांत नमस्कार टाइप करायचा, एफ५ दाबायचं. विंडोजचा प्रोग्रॅम तयार, चालूही झाला. पेट्झोल्डच्या पुस्तकातलं ते निरोपांचं चक्र कुठे गेलं? कुठेच नाही. ते आतमध्ये फिरतच होतं, पण त्यातला आपल्या कामाचा एकच निरोप उचलून, त्याला नाव देऊन, त्याखाली रिकामी जागा सोडून ती लिहिणाऱ्यापुढे ठेवली होती. 'बटण दाबलं की काय करायचं?' एवढा एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर कुठे लिहायचं तेही दाखवलेलं.

दुसरी गंमत चालत्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवण्याची. एखाद्या ओळीवर प्रोग्रॅम अडखळला की ती ओळ पिवळी व्हायची. तिथेच दुरुस्ती करायची आणि पुढे चालू ठेवायचं, पहिल्यापासून सुरुवात नाही. सी लिहिणाऱ्याला त्या काळी प्रत्येक चुकीनंतर सगळं पुन्हा कंपाइल करून, लिंक करून, चालवून पुन्हा त्याच जागी पोहोचावं लागायचं. चहा पिऊन येण्याइतका वेळ जायचा. ज्याला नोकरीतलं मूळ काम सांभाळून प्रोग्रॅम लिहायचा आहे, त्याच्यासाठी हा फरक जमेल आणि जमणार नाही यांच्यामधला होता.

ओढून-सोडून पडदा मांडण्याची कल्पना एकट्या कूपरची होती असं मात्र नाही. ॲपलच्या मॅकवर बिल ॲटकिन्सनचं हायपरकार्ड १९८७ मध्येच आलं होतं. स्टीव्ह जॉब्सच्या नेक्स्ट संगणकावर ज्याँ-मारी उलोचं 'इंटरफेस बिल्डर' होतं, आणि ते तर कदाचित सगळ्यात देखणं. १९९० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली याने जगातला पहिला वेब ब्राउझर नेक्स्टवरच लिहिला, याच साधनाच्या मदतीने. नेक्स्टच्या किमती मात्र सामान्य कचेरीच्या आवाक्याबाहेर होत्या. विंडोजची यंत्रं गल्लोगल्ली पोहोचत होती, आणि व्हीबी त्यांच्या पाठोपाठ गेलं.

ट्रायपॉडच्या वेळी कूपरने एक दूरदृष्टी दाखवली होती. पेटीत सगळं आपणच कसं भरणार, म्हणून त्याने ती उघडी ठेवली: कोणीही डीएलएलच्या रूपात नवा गिझ्मो लिहावा आणि तो पेटीत जाऊन बसावा. मायक्रोसॉफ्टने ही सोय 'व्हीबीएक्स' नावाने ठेवली आणि तिच्या जिवावर एक अख्खी बाजारपेठ उभी राहिली. शेरिडन, क्रेसेंट, मायक्रोहेल्प अशा छोट्या कंपन्या तक्ते, आलेख, कॅलेंडर, मोडेमशी बोलणारे घटक तयार करून विकू लागल्या. घटक लिहिणारा सी मधला कसलेला गडी, तो वापरणारा कचेरीतला माणूस. सॉफ्टवेअरचे सुटे भाग बाजारातून आणून जोडायचे, हे स्वप्न विद्वानांच्या परिषदांमध्ये कित्येक वर्षं चर्चेत होतं. ते सर्वात आधी मोठ्या प्रमाणावर खरं झालं ते ज्या भाषेकडे पाहून विद्वान नाकं मुरडत होते तिच्या अंगणात.

१९९३ मध्ये तिसरी आवृत्ती आली आणि तिच्यासोबत 'जेट' हे डेटाबेस इंजिन. आता पेटीतला 'डेटा' नावाचा घटक फॉर्मवर ठेवायचा, त्याला फाइल आणि टेबलाचं नाव सांगायचं, मजकुराच्या चौकोनांना त्याच्याशी जोडायचं, की नोंदी मागे-पुढे करणारा पडदा एक ओळही न लिहिता तयार. नोंदवह्यांवर चालणाऱ्या सगळ्या धंद्यांना याचीच तर वाट होती. त्याच वर्षी एक्सेल ५ मध्ये या भाषेचं धाकटं भावंड शिरलं, व्हीबीए. एक्सेलमधल्या त्या भाषेच्या आराखड्यावर काम करणारा जोएल स्पॉल्स्की पुढे लेखक म्हणून नावाजला. १९९२ मध्ये खुद्द गेट्सने त्याचा आराखडा तपासला आणि प्रश्न विचारत विचारत गाडी तारखांवर आणली. तिथे खरंच एक खुबी दडलेली होती. लोटस १-२-३ या जुन्या तक्ता-प्रोग्रॅममध्ये १९०० हे लीप वर्ष धरलेलं होतं, जे ते नव्हतं. लोटसच्या फायली जुळाव्यात म्हणून एक्सेलने ती चूक जशीच्या तशी उचलली. त्यामुळे एक्सेलच्या हिशेबात ६० या अंकाची तारीख २९ फेब्रुवारी १९०० येते, जो दिवस कधी उगवलाच नाही. बेसिकने चूक न उचलता आपला शून्य दिवस मागे सरकवून ३० डिसेंबर १८९९ धरला. म्हणून १ मार्च १९०० पासून पुढे दोघांचे आकडे जुळतात आणि त्याआधीच्या दिवसांत जुळत नाहीत. हा तपशील कंपनीच्या प्रमुखाला ठाऊक असावा, यातून बेसिक त्याच्या किती जवळचं होतं ते कळतं.

पाचवी आवृत्ती १९९७ ची, सहावी १९९८ ची. सहावी म्हणजे महाराष्ट्रातल्या बीसीए, बीसीएस, एमसीएच्या एका पिढीचं सगळं तरुणपण. 'फ्रंट एंड व्हीबी, बॅक एंड ऑरॅकल' हे सूत्र तोंडी परीक्षेत डोळे मिटून सांगायचं. ग्रंथालयाचं व्यवस्थापन, रुग्णालयाचं व्यवस्थापन, पगारपत्रक असे प्रकल्प, आणि सोनेरी अक्षरांत बांधून घेतलेली ब्लॅक बुकं. लॅबमध्ये चाललेला प्रोग्रॅम परीक्षकांसमोरच्या यंत्रावर 'रनटाइम एरर ४२९' म्हणून आडवा पडला, की त्याचा अर्थ बहुधा असा: कुठलीतरी डीएलएल किंवा घटकाची ओसीएक्स फाइल त्या यंत्रावर नाही, किंवा आहे पण नोंदलेली नाही. सुट्या भागांच्या बाजारपेठेची ही दुसरी बाजू. एका प्रोग्रॅमने आपली जुनी डीएलएल नव्यावर टाकली की शेजारचा प्रोग्रॅम गार. या दुखण्याला जगभर 'डीएलएल हेल' म्हणत.

मराठीत काम करू पाहणाऱ्यांची अडचण याहून खोल होती. व्हीबी ६ पोटात अक्षरं युनिकोडमध्येच ठेवायचं, पण त्याचे लेबल, टेक्स्ट बॉक्स हे घटक विंडोजशी बोलताना ती यंत्राच्या जुन्या एकबाइटी कोडपेजमध्ये बदलायचे. देवनागरीला असं कोडपेज कधी नव्हतंच. त्यामुळे युनिकोड मराठी टेक्स्ट बॉक्समध्ये गेली की प्रश्नचिन्हांची रांग. विंडोज २००० मध्ये देवनागरी आली तरी व्हीबीच्या फॉर्मवर ती उमटेना. ऑफिससोबत येणारे काही घटक युनिकोड जाणत, पण ते आपल्या प्रोग्रॅमबरोबर वाटण्याची परवानगी नव्हती. मग उपाय एकच: पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम किंवा पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, आणि डीव्हीबी-टीटी सुरेखसारखे फाँट. या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. पडद्यावर सगळं ठाकठीक दिसे. नावांची यादी अकारविल्हे लावायला सांगितली की मात्र पितळ उघडं पडे. पहिली वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, म्हणून साठवलीही जायची आधीच. परिणामी किरण, दिलीप, मिलिंद, विजय हे सगळे आपापली अक्षरं सोडून वेलांटीच्या एकाच आळीत राहायला जात. असा साठवलेला डेटा पुढे युनिकोडमध्ये आणण्यासाठी खास कन्व्हर्टर चालवावे लागले.

स्पर्धकांपैकी एकच खराखुरा तोडीचा होता. १४ फेब्रुवारी १९९५ ला बोरलँड कंपनीने डेल्फी आणलं. फॉर्म, पेटी, डबल-क्लिक, सगळं तेच. मात्र भाषा पास्कल आणि तयार होणारा प्रोग्रॅम थेट यंत्रभाषेतला, झपाट्याने चालणारा, कोणत्याही रनटाइमचं लोढणं नसलेला. घटकही त्याच भाषेत लिहिता येत. कारागिरी म्हणून पाहिलं तर डेल्फी व्हीबीहून सरस होतं. त्याचा शिल्पकार डेन्मार्कचा अँडर्स हेल्सबर्ग. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याला आपल्याकडे ओढलं, इतरही बरेच नेले, आणि १९९७ मध्ये बोरलँडने त्यावर दावा लावला. हेल्सबर्ग मात्र गेला तो गेलाच. व्हीबीच्या नशिबात पुढे जे वाढून ठेवलं होतं त्याची एक फोडणी इथेच पडली.

दरम्यान वेब आलं. मायक्रोसॉफ्टने आधी हीच भाषा तिथे रेटून पाहिली. १९९६ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ३ मध्ये व्हीबीस्क्रिप्ट दाखल झालं. दुसऱ्या ब्राउझरांनी ते घेतलं नाही, आणि जावास्क्रिप्टने मैदान मारलं. सर्व्हरच्या बाजूला एएसपी पानांमध्ये मात्र व्हीबीस्क्रिप्ट चांगलंच रुजलं. एचटीएमएलच्या मध्ये मध्ये टक्केचिन्हांच्या कंसात बेसिकचे तुकडे, आणि त्यांच्यामधून डेटाबेसला विचारलेले प्रश्न. कित्येक कंपन्यांची पहिली खरीखुरी संकेतस्थळं अशीच उभी राहिली. या भाषेची अपकीर्तीही याच काळातली. मार्च १९९९ मधला 'मेलिसा' हा वर्डमधल्या व्हीबीए मॅक्रोचा प्रताप, तर मे २००० मध्ये फिलिपिन्समधून सुटलेला 'आय लव्ह यू' शुद्ध व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहिलेला. कोणालाही लिहिता येईल असं साधन कोणालाही लिहिता आलं, एवढंच.

२००२ मध्ये एएसपी डॉट नेट आलं. त्यातल्या 'वेब फॉर्म्स'ने तर जुनाच पडदा वेबवर आणायचा घाट घातला: पानावर बटण ठेवा, डबल-क्लिक करा, मधल्या जागेत लिहा. पण वेब निराळी चीज आहे. ब्राउझरने पान मागितलं, सर्व्हरने दिलं, की दोघांची ओळख संपली. पुढची मागणी येते ती परक्याची. फॉर्मवर काय काय होतं हे सर्व्हरने लक्षात ठेवल्याचा आव आणायचा, तर ती सगळी आठवण कुठेतरी बांधून न्यायला हवी. म्हणून पानाच्या पोटात 'व्ह्यूस्टेट' नावाचा एक दडवलेला रकाना असायचा आणि त्यात अगम्य अक्षरांची लांबच लांब माळ. ती माळ प्रत्येक क्लिकसरशी सर्व्हरकडे जायची आणि परत यायची. मोठा तक्ता ठेवलेल्या पानात मजकुराहून माळच जड होऊन बसे. डेस्कटॉपवर जे खुबीने झाकलं गेलं होतं, ते इथे झाकताना चादर अपुरी पडली.

खरा घाव त्याच २००२ सालचा, आणि तो घरातूनच बसला. जावाला उत्तर म्हणून मायक्रोसॉफ्टने डॉट नेट ही नवी पायाभरणी केली. हेल्सबर्गच्या नेतृत्वाखाली तिच्यासाठी सी शार्प ही भाषा घडली, आणि व्हिज्युअल बेसिकलाही त्याच साच्यात ओतायचं ठरलं. साचा एक म्हटल्यावर भाषेचे कानेकोपरे तासणं आलं. व्हेरिएंट गेला, कंट्रोल ॲरे गेले, गोसब गेलं. इंटीजर सोळा बिटांचा होता तो बत्तीसचा झाला. बेसिकमध्ये 'खरं' या मूल्याचा आकडा उणे एक असतो. तोही बदलून एक करायचा बेत होता. त्यावर इतका गदारोळ झाला की २००१ मध्ये तो आणि आणखी दोन-तीन बदल मागे घेतले गेले. बाकीचे राहिले. जुना प्रकल्प नव्यात आणायला एक विझार्ड दिला होता. तो काम उरकून कोडमध्ये जागोजागी 'अपग्रेड वॉर्निंग' अशा टिपा पेरून जायचा, आणि त्या निस्तरायच्या माणसाने. सगळ्यात बोचणारी गोष्ट म्हणजे चालत्या प्रोग्रॅमला थांबवून तिथेच दुरुस्त करण्याची सोय नव्या आवृत्तीत नव्हती. ती परत यायला २००५ उजाडलं. ज्यांनी भाषा घडवली त्यांना ती सोय किरकोळ वाटली असावी. जे ती वापरत होते त्यांच्यासाठी तीच भाषा होती. चिडलेल्यांनी नव्या अवताराला 'व्हिज्युअल फ्रेड' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे हे व्हिज्युअल बेसिक नाहीच, कुणी भलताच आहे.

मार्च २००५ मध्ये व्हीबी ६ चा नियमित आधार संपत असताना शंभराहून अधिक एमव्हीपींनी, म्हणजे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच गौरवलेल्या जाणत्यांनी, जुनी भाषा पुढे चालवावी म्हणून अर्ज केला. उपयोग झाला नाही. ८ एप्रिल २००८ ला विस्तारित आधारही बंद झाला. तांत्रिकदृष्ट्या डॉट नेट हे चांगलंच काम होतं, यात वाद नाही. चूक झाली ती गिऱ्हाइकाला ओळखण्यात. ज्यांना सी शार्प झेपणार होतं ते सी शार्पकडे गेले. ज्यांना दोन ओळींच्या मधली जागा पुरेशी होती त्यांच्यासाठी नव्या घरात खोलीच ठेवली नव्हती.

कूपर तोवर प्रोग्रॅमिंगमधून केव्हाच बाहेर पडला होता. १९९४ मध्ये गेट्सने त्याला 'विंडोज पायोनियर' म्हणून गौरवलं. १९९५ मध्ये त्याचं 'अबाउट फेस' हे इंटरफेसच्या रचनेवरचं पुस्तक आलं. वापरणाऱ्याची एक ठोस काल्पनिक व्यक्तिरेखा समोर ठेवून सॉफ्टवेअर आखायचं, ही आता सर्रास चालणारी 'पर्सोना' पद्धत त्याने रूढ केली.

आणि हेल्सबर्ग? त्याने २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट आणलं, जावास्क्रिप्टला शिस्त लावणारं. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा संपादक जाहीर केला. तो लिहिलाय टाइपस्क्रिप्टमध्ये, आणि चालतो इलेक्ट्रॉनवर. हे इलेक्ट्रॉन मूळचं गिटहबचं, ॲटम या त्यांच्या संपादकासाठी चेंग झाओने बांधलेलं; त्याच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर आणि जावास्क्रिप्ट चालवणारं नोड. म्हणजे १९९६ मध्ये डेस्कटॉपची भाषा वेबवर रेटायचा जो प्रयत्न झाला, त्याच्या बरोबर उलटी गंगा. व्हीबी ३ चं रनटाइम चारशे केबीच्या आत बसायचं, फ्लॉपीवर टाकलं तरी निम्म्याहून जास्त जागा उरायची. इलेक्ट्रॉनवरचं प्रत्येक ॲप आपला स्वतंत्र ब्राउझर पाठीवर घेऊन फिरतं. गिटहबही २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच मालकीचं झालं.

मार्च २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की व्हिज्युअल बेसिक डॉट नेट चालत राहील, पण भाषा म्हणून यापुढे वाढवली जाणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्टही निवृत्तीच्या यादीत गेलं. व्हीबी ६ चं रनटाइम मात्र विंडोज ११ मध्येही येतं. त्याशिवाय चालणार नाहीत असे प्रोग्रॅम अजून एवढ्या ठिकाणी आहेत की ते काढायचं धाडस कोणी करत नाही. एक्सेलमध्ये ऑल्ट दाबून एफ११ दाबलं की आजही तीच खिडकी उघडते. इन्सर्टमधून 'युजरफॉर्म' घ्यायचा, टूलबॉक्समधलं बटण त्यावर ठेवायचं. त्याचं नाव कमांडबटण१ असं पडतं, आणि त्यावर डबल-क्लिक केलं की पगारपत्रकाची जुळणी करत बसलेल्या हिशेबनिसासमोर 'प्रायव्हेट सब' आणि 'एंड सब' लिहून तयार असतं.